मदत हवी आहे: क्विबेक सिटीला एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीग) संघ पेलवेल का?

सप्रेम नमस्कार. मी कॅनडातील विनिपेगमध्ये राहतो. गेल्या हिवाळ्यात क्विबेक सिटीत रांपार या ज्युनियर संघाचा सामना पाहिला. शेजारी बसलेल्या आजोबांच्या अंगात नॉर्डिक्स या शहराच्या जुन्या एनएचएल संघाचा निळा स्वेटर होता, कोपरापाशी पार विरलेला. तो संघ 1995 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला, ही सल त्या शहराच्या मनातून अजून गेलेली नाही.

संघ परत यावा म्हणून तेथे सार्वजनिक पैशातून 18,000 हून अधिक आसनांचे मैदान उभे राहिले आणि ते 2015 मध्ये खुले झाले. तरीही 2016 मध्ये लीगने नवा संघ लास व्हेगासला दिला. अडचण अशी की तिकिटांचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये येतात, खेळाडूंचे पगार मात्र अमेरिकन डॉलरमध्ये द्यावे लागतात. आमच्या विनिपेगला 2011 मध्ये संघ परत मिळाला, पण येथेही पूर्ण हंगामाच्या तिकिटांची संख्या पुढे बरीच घटली. प्रेक्षकांच्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही; शंका आहे ती मैदानातले महागडे बॉक्स (पाहुण्यांसाठीच्या खास बैठका) वर्षानुवर्षे घेणाऱ्या कंपन्यांबद्दल, कारण क्विबेक सिटी हे मुख्यतः सरकारी कचेऱ्यांचे आणि विमा कंपन्यांचे शहर आहे.

2005 पासून लागू झालेल्या पगारमर्यादेमुळे (प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावरील मर्यादा) आणि लीगमधील उत्पन्नवाटपामुळे (जास्त कमावणाऱ्या संघांकडून कमी कमावणाऱ्यांना मिळणारा वाटा) हे गणित कितपत बदलते? क्रीडा अर्थकारणाच्या जाणकारांनी हा हिशेब कसा मांडावा, हे कृपया समजावून सांगावे.