मदत हवी आहे : मेंडेल्सोनवरील व्याख्यानासाठी मराठी शब्द

सस्नेह नमस्कार. फेलिक्स मेंडेल्सोन (१८०९–१८४७) या जर्मन पियानोवादकावर मी मराठीतून अर्ध्या तासाचे व्याख्यान तयार करीत आहे. अवघ्या विसाव्या वर्षी त्याने बर्लिनमध्ये आधीच्या काळातील जर्मन संगीतकार बाख याची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही ख्रिस्ताच्या यातनांवरील गायन-वादनाची रचना पुन्हा श्रोत्यांसमोर आणली आणि पुढे तिथल्या कॅथेड्रलसाठी स्तोत्रेही संगीतबद्ध केली. १८४० मध्ये बाखच्या स्मारकाच्या निधीसाठी लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये ऑर्गन (हातांबरोबर पायांनीही वाजवायचे मोठे वाद्य) वाजवण्यापूर्वी त्याने आठ दिवस इतका सराव केला, की रस्त्याने चालतानाही पाय ऑर्गनचेच तुकडे वाजवीत होते, असे त्याने आईला कळवले होते. मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते त्याचे संपादन : संगीतकार हेन्डेलची ‘इस्रायल इन इजिप्त’ ही रचना छपाईसाठी संपादित करताना स्वरलेखनातील मूळ खुणा आणि संपादकाच्या खुणा वेगळ्या ओळखता याव्यात, यावर तो ठाम राहिला.

माझी अडचण अशी, की ‘स्कोअर’ला स्वरलिपी म्हटले, तर सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेल्या असतात हे श्रोत्यांना कळत नाही, आणि ‘कोराल’ला, म्हणजे चर्चमध्ये सर्वांनी मिळून गायच्या जर्मन स्तोत्रगीताला, भजन म्हणणे मनाला पटत नाही. या दोहोंसाठी आपण कोणते शब्द वापरता, ते कृपया एखाद्या वाक्यासह सांगावे.