ग्रीन टी आणि थायरॉइडची गोळी

इंदूरहून विचारतेय, सकाळी थायरॉइडची गोळी, लगेच ग्रीन टी अन् मग पोहे-जिरावन असं चालतं माझं, जाऊबाई म्हणतात ग्रीन टीने हार्मोन बिघडतात, खरंय का?

— अहो ताई, गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत! चहा कुठलाही असो, अर्ध्या-एक तासाने, नाहीतर गोळी नीट शोषलीच जात नाही.

— ग्रीन टीच्या पानातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉन या हार्मोनशी संबंधित एन्झाइम अडवतं, पण एका कपातून रक्तात जातं अगदी थोडं. ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल मात्र नको हं, रोज 800 मिलिग्रॅम ईजीसीजी घेतलं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्येच सांगितलंय.

— अन् हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणासोबतही ग्रीन टी नको, लोहाचं शोषण अडतं.

— बापरे, मी तर गोळी ग्रीन टीच्याच घोटाबरोबर गिळत होते 🙈