हिवाळ्यात छोट्या बागेत रंग हवाय, मदत करा

नमस्कार मंडळी,
सासूबाईंचं बाहेर जाणं आता बंदच झालंय. त्यांचा दिवस बागेकडच्या खिडकीत जातो आणि थंडी सुरू झाली की समोर नुसतं हिरवं-करडं दिसतं. त्यांना रंग दिसावेत, पक्षी-फुलपाखरं दिसावीत असं फार वाटतं. जागा लहान आहे. हिवाळ्यात सूर्य खालून जात असल्याने भिंतीची सावली लांबते आणि निम्म्या भागालाच ऊन मिळतं. खिडकीसमोरची शेवंती चांगली वाढलीय, पण कळ्याच धरत नाही. मागच्या बाजूची त्याच जातीची मात्र फुललीय. काय लावू? बी पेरू की रोपं आणू?

प्रतिसाद १
आधी शेवंतीचं सांगते. खिडकीजवळ रात्री दिवा जळतो का? शेवंती रात्र लांबली की कळ्या धरते आणि मध्येच उजेड पडला तर रात्र लहानच आहे असं समजते. पॉइन्सेटियाचंही तेच, पानं लाल व्हायला रोज साधारण 14 तास सलग अंधार लागतो.
उन्हाच्या भागात पिटुनिया, कॅलेंडुला, डायन्थस लावा. अर्ध्या सावलीत पॅन्झी आणि सिनेरारिया. दंव गोठण्याइतकी थंडी पडत असेल तर पिटुनियाच्या नादी लागू नका, पॅन्झी मात्र हलकं दंव सोसते. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं, उजेडाशिवाय नीट रुजत नाही, म्हणून मातीने झाकायचं नाही. आता मोसम सुरू झालाय, रोपंच आणा. सुकलेलं फूल देठासकट खुडत राहा. बी धरलं की झाड फुलणं आवरतं घेतं.

प्रतिसाद २
नॅस्टर्शियमला खत कमी द्या, नाहीतर नुसती पानं माजतात. ॲलिसमवर छोटे कीटक खूप येतात, त्यातल्या काहींच्या अळ्या झाडांवरची मावा ही कीड खातात. पक्ष्यांसाठी उथळ पसरट भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी ठेवा, रोज बदला. जवळ एखादं झुडूप असलं की ते निर्धास्त उतरतात.

धागाकर्ती
हो, व्हरांड्याचा दिवा रात्रभर चालू असतो! तो बंद केला तर कुंडी तिथेच ठेवू ना? सासूबाईंना ती समोरच हवीय.

प्रतिसाद १
खुशाल ठेवा. फुलं यायला जातीनुसार 7 ते 10 आठवडे लागतील, तोवर शेजारी फुललेल्या पॅन्झीच्या कुंड्या मांडा.