नांगराच्या डोक्याला दोरी बांधा

गोव्यातल्या ग्रांद बेटाजवळ एकाच्या होडीचा नांगर अडकला आणि शेवटी दोर कापून परतावं लागलं, हे वाचून वाईट वाटलं. तिथे तळाला खडक आहे, असं होतं. पण कापण्याआधी दोर सरळ उभा होईपर्यंत आवळून नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बांधा आणि लाटेच्या उचलीला काम करू द्या. नाही सुटला तर दोर थोडा सोडून, नांगर ज्या बाजूने ओढून रुतवला त्याच्या उलट दिशेला होडी हळू न्या. मागच्या बाजूला मात्र दोर कधीही बांधू नका, अगदी कधीही. लाट आत येऊन होडी बुडते आणि माणसं जातात.

पुढच्या वेळी नांगराच्या डोक्याला, म्हणजे तळात रुतणारे फाळ जिथे दांड्याला जोडलेले असतात तिथे, वेगळी दोरी बांधून तिला बोया, म्हणजे तरंगता गोळा, लावा. ती ओढली की फाळ आल्या वाटेने मागे सरकतात. लांबी भरतीच्या खोलीपेक्षा थोडी जास्त हवी. आपल्याकडे उधाणाला पाणी सुमारे २ मीटर चढतं, ओहोटीला मोजून बांधली तर बोया पाण्याखाली जाईल. फार लांबही नको, सैल दोरी इंजिनाच्या पंख्यात गुंतते. हिवाळ्यात ग्रांदला डायव्हिंगच्या बोटींची गर्दी असते, तिथे मी बोया टाळतो. त्याऐवजी नांगराची साखळी डोक्याला पक्की बांधून दांड्याच्या वरच्या कडीला नुसत्या सुतळीने अडकवतो. नांगर अडकला की जोराने सुतळी तुटते आणि ओढ डोक्यावर येते. वाऱ्यात रात्रभर थांबायचं असेल तर ही सुतळीची युक्ती करू नका.