ग्रंथालयाने संशोधनपत्रिका चालवावी का?

प्रश्न (ग्रंथपाल, दादर): आमच्या महाविद्यालयाची छापील संशोधनपत्रिका खर्चामुळे बंद पडली असून, ती ग्रंथालयामार्फत, लेखक व वाचक दोघांकडूनही शुल्क न घेता, ऑनलाइन काढण्याचा विचार आहे. हे झेपेल का?

उत्तर (विलेपार्ले): ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर मोफत असून लेख स्वीकारण्यापासून समीक्षण (तज्ज्ञांकडून तपासणी) व प्रकाशनापर्यंतचे काम त्यातच होते. ऑनलाइन आवृत्तीसाठी मात्र वेगळा आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घ्यावा.

उत्तर (फोर्ट): खरा खर्च माणसांचा, त्यातही मराठी मुद्रितशोधनाचा (हे कोणीच अंदाजपत्रकात धरत नाही). शिवाय डीओएजे या मोफत वाचता येणाऱ्या संशोधनपत्रिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत यायचे असल्यास संपादक मंडळ, समीक्षणपद्धती आणि परवाना (लेख इतरांनी कोणत्या अटींवर वापरावेत ते) संकेतस्थळावर स्पष्ट नमूद करावा लागतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जुन्या अंकांसाठी लेखकांची परवानगी लागेल का?

उत्तर (फोर्ट): हक्क लेखी हस्तांतरित झाले नसतील, तर सहसा लागेल.