ओव्या नुसत्या जपायच्या की पुढं लिहायच्या?

ओढ्याकाठी: काल एकानं पोस्ट टाकली, "जात्यावरच्या ओव्यांना हात लावू नका, रेकॉर्डिंग ऐका आणि गप्प बसा." डोकंच फिरलं. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या माणसांनी १,००० वर गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, २०१७ पासून त्या पारीच्या (ग्रामीण भारताचं ऑनलाइन संग्रहालय) साइटवर आहेत, त्या काय कुलूप लावायला? आमच्या एकांकिकेच्या पोरींनी त्या ऐकून स्वतःच्या लिहिल्या, एकीनं टँकरवर, एकीनं नवरा फोन तपासतो त्यावर, खाली बीट लावला. अख्खा हॉल शांत झाला.

खुंट्याला_हात: ती पोस्ट माझीच. तुमचा ट्रॅक ऐकूनच लिहिली. अहो, जातं घड्याळासारखं फिरत नाही. दाण्यांची वैरण घातली की जड जातं, ओवी रेंगाळते, दाणे सरत आले की हलकं होतं नि बाई भराभर म्हणते. एका टेम्पोत बसवली की जीव गेला तिचा. आणि त्या पिठाची चव गिरणीच्या पिठाला नाही, गरम होऊन जळतं ते.

दळणवाली: चवीचं आम्हाला नका सांगू. माझी आई पहाटे चारला उठून आठ माणसांचं दळायची, हाताला घट्टे. गावात गिरणी आली तेव्हा आनंदानं रडली. तुम्ही दळा की रोज पायलीभर!

पीठगिरणी: दोन पिढ्या गिरणी आहे आमची. दगडाला टाकी वेळेवर लावली, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडल्या, दाब कमी ठेवला तर पीठ जळत नाही. उगाच नावं ठेवू नका.

खुंट्याला_हात: किती गिरणीवाले टाकी वेळेवर लावतात?

पीठगिरणी: या आमच्याकडं, दाखवतो!

ओढ्याकाठी: अरे विषय ओव्यांचा आहे!!

निळी_वाट: मग ओव्यांचंच बोलते. त्याच संग्रहात बाबासाहेबांवरच्या कितीतरी ओव्या आहेत, सासुरवासाच्या आहेत. नवीन कार्यक्रमांत मात्र विठ्ठल, माहेर, भाऊराया एवढंच. आणि तिथं ओवीपाशी बाईचं नाव-गाव असतं, तुमच्या पत्रिकेवर काय, तर 'पारंपरिक'.

ओढ्याकाठी: एकच ओवी चार गावांत सापडते, नाव कुणाचं टाकू?

निळी_वाट: जिच्या तोंडून ऐकलीत तिचं. माझी मावशी एका ग्रुपसाठी दिवसभर गायली. कार्यक्रमाचं बोलावणं नाही, नाव नाही, कुणीतरी व्हिडिओ पाठवला तेव्हा कळलं. फोन कानाला लावून म्हणाली, "ह्यो माझाच गळा हाय का गं?"

खुंट्याला_हात: हे वाईट झालं. इथं मी तुमच्या बाजूनं.

ओढ्याकाठी: बरं, नावाचं मान्य. पत्रिका छापून झाल्यात, तरी हातानं लिहून घालतो. बीटचं नाही मान्य. आमच्या पोरींच्या घरात जातं नाहीच, त्या स्कूटीवर बसून म्हणतात.

दळणवाली: ती टँकरची टाका ना इथं.

ओढ्याकाठी:
हंड्यावर हंडा बाई, टँकराची वाट
नंबर लागंना माझा, सरली पहाट

खुंट्याला_हात: ही जात्यावर बसते. बीट काढा.