झिंक तसंच्या तसं, पण पितळी वॉल्व्ह गुलाबी पडलाय

पावसाळी मासेमारी बंदी लागणार म्हणून ३१ मेच्या आधीच होडी वर घेतली. फायबरची, ३० फुटी, इनबोर्ड डिझेल, स्टीलचा शाफ्ट नि ब्राँझचा पंखा. गेल्या वर्षी शाफ्टला नवीन झिंक (बाकीचे धातू खाल्ले जाऊ नयेत म्हणून लावतात तो जस्ताचा तुकडा) लावलं होतं ते बघतो तर कोरं करकरीत, जरासुद्धा खाल्लेलं नाही, मला वाटलं चला पैसे वाचले. पण इंजिनला समुद्राचं पाणी घेतो तो पितळी वॉल्व्ह खरवडला तर आतून तांब्यासारखा गुलाबी निघाला. झिंक असताना असं का व्हावं?

हर्णैकर
दादा, झिंक खाल्लं नाही म्हणजे त्याने काम केलंच नाही, ती काय खुशखबर नव्हे. ते खाल्लं जायलाच लावतात. तळाला रंग मारताना त्याच्यावरून पण ब्रश फिरवला का? रंग चढला की झिंक मेलं समजा. नाहीतर शाफ्ट नीट न घासता बसवलं असेल, धातूला धातू टेकायला पाहिजे.

प्रश्नकर्ता
रंग मारलाय 😬 पोरं म्हणाली सगळं एकसारखं दिसेल. म्हणजे वॉल्व्ह त्यामुळे गेला?

खाडीवरचा
नाही हो, रंग नसता तरी वॉल्व्हला काही फायदा नव्हता. लोखंडी बोटीत अख्खं हल, म्हणजे बोटीचं धड, वीज वाहून नेतं, फायबर नेत नाही, त्यामुळे शाफ्टवरचं झिंक शाफ्ट आणि पंखा सांभाळणार, वॉल्व्ह वायरीने जोडला नसेल तर त्याच्याशी त्याचं नातंच नाही. आणि तुमचा रोग मुळात वेगळा आहे. साध्या पितळेत चाळीस टक्क्यांच्या आसपास जस्तच असतं, ते खाऱ्या पाण्यात विरघळून जातं आणि मागे उरतं ते भुसभुशीत तांबं, आकार तोच, जोर शून्य. हातोडीने हळूच ठोका, ब्राँझ खणखणतं, हे बद्द वाजेल. आता त्याला वायर जोडत बसू नका, सरळ गनमेटलचा (ब्राँझच्याच जातीचा) टाका. पाण्याखालच्या छिद्राला तुटका वॉल्व्ह म्हणजे होडी गेलीच.

हर्णैकर
+१. दुकानदार "मरीन" म्हणून पितळ पण खपवतो, नळवाल्याकडचा माल असतो तो.

वायरमन
एक माझ्याकडून. बिल्ज पंपाचे (होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसतो तो) वायरीचे जोड त्याच पाण्यात लोळत असतील तर बघा. दोन धातूंचं आपसातलं खाणं महिनोन् महिने चालतं, पण बॅटरीचा करंट पाण्यात गळायला लागला की काही दिवसांत फिटिंगची चाळण होते. जोड वर उचलून सील करा. आणि झिंक बसवल्यावर मल्टीमीटर झिंक ते पंखा लावा, एक ओहमच्या आत दाखवलं पाहिजे.

खाडीवरचा
होडी वर्षभर खाडीत गोड्या पाण्याच्या तोंडाशी बांधत असाल तर झिंकपेक्षा ॲल्युमिनियमचा ॲनोड (झिंकसारखाच, खाल्ला जायला लावतात तो तुकडा) बरा, झिंकवर तिथे पांढरी खपली धरते नि ते झोपतं. आणि अर्धं संपलं की बदला, पूर्ण संपायची वाट बघायची नसते.

प्रश्नकर्ता
आत्ताच ठोकून आलो. बद्द वाजलं, आणि दुसऱ्याच ठोक्याला हँडलपाशी चीर गेली राव. उद्याच गनमेटल बघतो. एकच सांगा, छिद्रात बसवताना सिलिकॉन चालेल का?

खाडीवरचा
नको, पाण्याखाली चालणारं मरीन पॉलीयुरेथेन सीलंट घ्या. जुनं सगळं खरवडून, कोरडं करून मगच.